काढ्याचं काय करायचं?

ताई,

मला सहावा महिना सुरू आहे. आम्ही चिंचवडला टू बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि काढा. काढा म्हणजे आमचा कुत्रा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पार्किंगमध्ये सापडलेलं महिन्याभराचं पिल्लू. रंग अगदी तेव्हा घरोघरी उकळत असलेल्या काढ्यासारखा, म्हणून हे नाव. आमच्यावर त्याचा फार जीव आहे, पण स्वभाव अवघड. बेल वाजली की दहा मिनिटं भुंकतो. सोसायटीत सायकलवरची मुलं दिसली की पट्ट्याला हिसका देऊन धावतो. रात्री आमच्याच पलंगावर झोपतो आणि उतर म्हटलं की गुरगुरतो. गेल्या दिवाळीत माझा चार वर्षांचा भाचा डायनिंग टेबलाखालचा चेंडू काढायला वाकला, तेव्हा काढ्याने त्याचा हात तोंडात धरला. रक्त आलं नाही, दोन लाल वळ उठले. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, "काढ्याला आता काढा." गावी शेतावर सोडून येऊ म्हणतात. नवरा म्हणतो, बाळ आलं की आपोआप शहाणा होईल. आठव्या महिन्यात मी माहेरी कराडला जाणार, बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येणार. मला रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

ता. क. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. काढ्याला फोटोत घ्यायची फार हौस आहे. घेऊ का?

— एक चिंचवडकरीण

प्रिय चिंचवडकरीण,

तुमच्या घरात काढ्याबद्दल दोन मतं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. त्यातलं जास्त धोक्याचं तुमच्या यजमानांचं. सासूबाईंचा उपाय चुकीचा असेल, पण त्यांची भीती खरी आहे. "आपोआप शहाणा होईल" यात ना भीती, ना उपाय. बावीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतेय. आपोआप शहाणा झालेला कुत्रा अजून माझी पायरी चढून आलेला नाही.

आधी भाच्याचा हात. तुम्ही तो प्रसंग दोन ओळींत उरकलात, मला मात्र पत्रात सगळ्यात जास्त वाचायला तिथेच मिळालं. टेबलाखालची जागा, तिन्ही बाजूंना खुर्च्यांचे पाय, पुढ्यात स्वतःचा चेंडू आणि समोरून येणारा एक लहानसा हात. शिवाय दिवाळीचे दिवस, म्हणजे आदल्या रात्रीपासून फटाके. पळायला वाट नाही आणि डोकं आधीच भणाणलेलं. अशा वेळी त्याने तोंड घातलं, पण दात रुतवले नाहीत. इयान डनबर या पशुवैद्यांनी कुत्र्याच्या चाव्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, आम्ही लोक त्या रोज वापरतो. पहिलीत दात लागतच नाहीत, नुसता अंगावर येतो. दुसरीत दात लागतात, पण कातडीला भोक पडत नाही. तिसरीपासून भोकं, आणि चौथीच्या पुढे मी घरच्यांशी वेगळंच बोलते. तुम्ही लिहिलंय त्यावरून काढा दुसरीत बसतो. चार वर्षांच्या मुलाच्या हातात दात रुतवायचे असते तर त्याला कुणी अडवू शकलं नसतं, तेवढा त्याचा जबडा चपळ आहे. म्हणून तो बिनधोक ठरत नाही. त्याच्याबरोबर काम करायला जागा आहे, एवढंच.

जाता जाता एक. त्या दिवशी भाच्याला डॉक्टरांकडे नेलंत का? रक्त आलं नाही म्हणून बहुतेक जण नेत नाहीत. पण उघड्या कातडीवर दात लागून नुसता ओरखडा उठला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो दुसऱ्या गटात मोडतो, आणि त्या गटाला रेबीजची लस असते. काढा त्यानंतरचे दहा दिवस ठणठणीत होता, म्हणजे त्या प्रसंगाची काळजी मिटली. पण पुढे कधी वेळ आलीच तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काही भरायचं नाही, आणि तडक दवाखाना. गरोदर बाईलाही ही लस घेता येते, त्यामुळे "दिवस आहेत, राहू दे" हे कारण चालणार नाही.

काढा असा का झाला, याचं निम्मं उत्तर त्याच्या जन्मसालात आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या मनाची खिडकी सताड उघडी असते. त्या काळात जी माणसं, जे आवाज, जी वाहनं बघितली, ती पुढे आपली वाटतात. काढ्याने त्या दिवसांत काय बघितलं? तुम्ही तिघं, गॅलरी आणि रिकामा रस्ता. मुलं खाली खेळत नव्हती, पाहुणे येत नव्हते, बेल वाजत नव्हती. त्या दोन वर्षांतली अशी पुष्कळ कुत्री माझ्याकडे येतात आणि सगळ्यांची तक्रार तुमच्याच शब्दांत असते: घरच्यांवर जीव, बाहेरच्यांवर दात. त्याला मुलांचा राग नाही. मूल ही वस्तू काय आहे, हे त्याला माहीत नाही.

आता पलंगावरचं गुरगुरणं. ते ऐकून तुम्ही काय करता, हे लिहिलं नाहीत. बहुतेक घरांत ओरडतात, एखादी चापट देतात, नाहीतर वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतात. मीही केलंय, म्हणून सांगते. आमच्याकडे राणी नावाची कुत्री होती. माझी मुलगी आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. राणी तिच्या गादीवर पडलेली असायची आणि मुलगी त्या दिशेने निघाली की राणीच्या घशातून अगदी बारीक घरघर यायची. मी शिकलेली पशुवैद्य, आणि मीच तिला "ए राणी, गप!" म्हणून दटावायचे. आठवड्याभरात घरघर बंद झाली. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा, बघा, समजावलं की कळतं मुक्या जनावराला. पंधरा दिवसांनी एका दुपारी मी उतू जाणारं दूध उतरवायला वळले आणि पाठीमागे एकच आवाज आला, मुलीचा. गालावर दोन टाके. राणीने आधी आवाज केला नव्हता, कारण आवाज करायचा नाही हे मीच तिला शिकवलं होतं. मुलगी आता कॉलेजात आहे. हसली की ती खूण दिसते.

म्हणून काढा गुरगुरला की त्याला रागवू नका. थांबा, एक पाऊल मागे घ्या, आणि तो कशावर गुरगुरला ते लिहून ठेवा. तुमच्या घरात हा फुकट मिळालेला भोंगा आहे, त्याची तार कापू नका. आपल्याकडे भुंकणारा कुत्रा चावत नाही असं म्हणतात. माणसांच्या बाबतीत असेल ती म्हण खरी. माझ्या डाव्या मनगटावर भुंकणाऱ्यांनीच केलेल्या तीन खुणा आहेत.

गुरगुरण्याच्याही आधी तो बरंच काही बोलतो, फक्त आवाज न करता. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, तोंड फिरवून नुसत्या डोळ्यांनी तिरकं बघणं, तेव्हा डोळ्याची पांढरी कड चंद्रकोरीसारखी दिसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदम थिजणं. चघळता चघळता, शेपूट हलवता हलवता सगळं थांबलं, तर पुढे एखादाच सेकंद असतो. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, यावर विसंबू नका. ताठ, उंच धरलेलं, बारीक थरथरणारं शेपूट खुशीचं नसतं. सासूबाईंना हे आवर्जून दाखवा. दिवसभर घरात त्या असतात, आणि खरं सांगू का, घाबरलेलं माणूस कुत्र्याला लाड करणाऱ्यापेक्षा नीट बघतं.

आता काय साधायचं ते ठरवू. काढ्याने बाळावर प्रेम करावं, पाळण्याशेजारी पहारा द्यावा, मोबाइलवर दिसतात तसे दोघांचे व्हिडिओ निघावेत, ही इच्छा मनातून काढून टाका. बाळ आलं तरी आपलं काही बिघडत नाही, उलट ते आसपास असलं की बरंच काही चांगलं मिळतं, इतकंच त्याला कळायला हवं. त्याने बाळाकडे बघून न बघितल्यासारखं केलं, की जिंकलात. आणि जोवर तसं होत नाही तोवर मध्ये दार हवं.

पण दाराच्याही आधी डॉक्टर. साडेपाच वर्षांचा कुत्रा पलंगावरून उतरताना गुरगुरतो, तर आधी त्याचं कंबरेचं हाड, गुडघे, कान आणि दात तपासून घ्या. उडी मारली की दुखत असेल तर तो तुमच्यावर नाही, उतरण्यावर गुरगुरतोय. अशा कुत्र्यांना दुखण्याचं औषध सुरू केल्यावर अर्धा "स्वभाव" गेलेला मी पाहिलाय. त्याच खेपेत रेबीजची वार्षिक लस, जंताचं औषध, गोचिडांचं औषध उरकून घ्या. बाळ जमिनीवर लोळणार आहे. डॉक्टरांना वाटलं तर मनाची भीती कमी करणारी औषधंही कुत्र्यांना देता येतात. फ्लुऑक्सेटिन त्यातलंच एक. त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून तो विषय आत्ताच काढा. घरातल्या कुणाची उरलेली गोळी मात्र चुकूनही देऊ नका.

मग दार. या रविवारी सुताराला नाहीतर ग्रिलवाल्याला बोलवा. बाळाची खोली आणि हॉल यांच्या मध्ये, आरपार दिसेल असं अर्धं दार. बाजारात तयार बेबी गेट मिळतात, पण ती बहुतेक अडीच फुटांच्या आसपास असतात, आणि आपलं देशी कुत्रं अडीच फूट म्हणजे चहा पिता पिता ओलांडतं. चार फूट करून घ्या. गज उभे हवेत. आडवे असले तर वर्षभराने तुमचं बाळच शिडीसारखं चढेल. दोन गजांमधलं अंतर अडीच इंचांच्या आत, कडी वरच्या बाजूला आणि एका हाताने उघडणारी, कारण दुसऱ्या हातात कोण असणार आहे ते माहीत आहे. हे दार बाळाबरोबर येऊन चालणार नाही. बाळ आणि कैद एकाच दिवशी आली तर काढा बरोबर हिशेब मांडेल. बाळ घरी येईपर्यंत ते दार घराचा भाग झालेलं असू दे. दिवसातून दोन-तीनदा तो हॉलमध्ये, तुम्ही आत, आणि त्याच्याकडे चघळायला काहीतरी.

पलंगाचंही तेच. बाळाच्या नावाने त्याला पलंगावरून खाली काढायचं नाही, आजच काढायचं. ओढून नाही. हॉलच्या कोपऱ्यात, जिथून सगळे दिसतात पण ज्याला कुणी ओलांडून जात नाही अशा जागी, त्याची चटई टाका. तिथे काय करायचं ते नीट सांगते, कारण सगळ्या घराचा भार पुढे या चटईवर पडणार आहे.

उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे करा. घरात चालत नसेल तर पनीर. काढ्याचा पाय चटईला लागला की लगेच एक तुकडा चटईवर, त्याच्या दोन पायांच्या मध्ये. हातातून नाही, चटईवर. तो खाईल आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. पुन्हा एक. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला तो बसेल, पुढे कधीतरी पसरेल; पसरला की सलग तीन. मग उठा, एक पाऊल मागे, परत येऊन तुकडा. दोन मिनिटांत संपवा, त्याला अजून हवं असतानाच. दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याने "चटई" म्हटलं की तो स्वतः जाईल. मग तुम्ही सोफ्यावरून उठताना, कुकरची शिट्टी होताना, सासूबाईंनी बाहेरून बेल दाबल्यावर. शेवटी उशीला दुपटं गुंडाळून खांद्यावर थोपटत घरभर फिरा. उशीला काढा फसणार नाही, त्याचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे. पण एक हात अडकलेला असताना, वाकता येत नसताना कुत्र्याला कसं सांगायचं, याचा सराव तुम्हाला होतो. खरं म्हणजे ही शिकवणी काढ्यापेक्षा तुमचीच जास्त आहे.

बाळाच्या रडण्याचे आवाज फोनवर मिळतात. ते ऐकवताना बहुतेक घरांत दोन चुका होतात. एक, आवाज मोठा. तो इतका कमी हवा की काढ्याचा फक्त कान हलावा. तो उठून बसला तर तुम्ही घाई केलीत. दुसरी, आधी खाऊ आणि मग आवाज. क्रम उलटा. आधी रडणं सुरू, दोन सेकंदांनी चिकन. रडणं थांबलं की चिकनही बंद. काही दिवसांनी रडणं ऐकून तो तुमच्याकडे आशेने बघू लागेल. तेव्हा आवाज एक रेघ वाढवा. महिन्याभरात खऱ्या रडण्याइतकं मोठं गेलात तरी पुष्कळ.

फिरायला त्याला कोण नेतं? माझा अंदाज, तुम्ही. ते या आठवड्यापासून बंद. सायकल दिसली की हिसका देणारा कुत्रा आणि पुढे आलेलं पोट, एकदा तोल गेला तर पुढचं सगळं नियोजन बाजूला राहील. यजमानांनी न्यायचं, दोन्ही वेळा. छातीसमोर कडी असलेला हार्नेस घ्या. त्यात ओढलं की कुत्रा आपोआप बाजूला वळतो. आणि मुलांची खेळायची वेळ टाळा. लांबून दिसली तर ज्या अंतरावर तो अजून खाऊ खातो, त्या अंतरावरूनच परत फिरायचं.

मुसकंही, म्हणजे तोंडावर चढवायची जाळीही, शिकवून ठेवा. मळणीच्या बैलाला घालायचे ते, हा शब्द तुमच्या आजीला ठाऊक असेल. कुत्र्यासाठी पिंजऱ्यासारखं, ज्यातून जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं घ्यायचं. तोंड आवळणारं कापडी नको. आत घट्ट दही लावून आठवडाभर त्याला स्वतः तोंड घालू द्या, पट्टा बांधायची घाई करू नका. रोज लागणार नाही, पण पाहुण्यांच्या दिवशी उपयोगी पडेल. मुसकं घातलेल्या कुत्र्याकडे लोक गुन्हेगारासारखं बघतात. बघू द्यात.

शिकवायला माणूस बोलावणार असाल तर पहिल्या भेटीत एकच ऐका. तो "घरातला बॉस कोण हे दाखवून द्या", "उताणा पाडून दाबून धरा" असं काही म्हणाला, किंवा पिशवीतून शॉकचा पट्टा काढला, तर चहा पाजून निरोप द्या. लांडग्यांच्या कळपात मारून-मुटकून राजा होणारा असतो, ही कल्पना प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे, १९९९ मध्ये, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं असतात असं लिहून ती मोडीत काढली. आपल्याकडचे काही प्रशिक्षक मात्र अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत.

तुमचं कराडला जाणं मला निम्मं सोयीचं आणि निम्मं अवघड वाटतं. सोय अशी की पहिले तीन महिने, जेव्हा तुम्हाला स्वतःला धड झोप नसेल, तेव्हा काढा नजरेआड आहे. अडचण अशी की त्याच्या हिशेबी तुम्ही चार-पाच महिने गायब होणार आणि एक दिवस कुशीत काहीतरी रडणारं घेऊन उगवणार. मधल्या काळात चटई आणि दाराचा सराव यजमानांनी सोडला तर सगळं पाण्यात. ते तुम्हाला भेटायला येतील तेव्हा बाळाचं वापरलेलं दुपटं घेऊन जाऊ द्या. काढ्यासमोर आपटायचं नाही, सोफ्यावर ठेवायचं, त्याने हुंगलं तर शाबासकी. यात जादू नाही, पण वास ओळखीचा झालेला बरा.

परत येण्याचा दिवस साधा ठेवा. त्या सकाळी काढ्याला लांब फिरवून दमवायचं. तुम्ही एकट्या, रिकाम्या हातांनी आधी घरात या. त्याला तुमच्यावर उड्या मारायच्या असतील त्या मारू द्या, रडू द्या. तो निवला, पाणी पिऊन चटईवर पसरला, की मग यजमानांनी बाळाला सरळ जाळीच्या दाराआड न्यायचं. भाकरतुकडा ओवाळायचा तो खाली पार्किंगमध्ये ओवाळून घ्या, उंबऱ्यात गर्दी नको. पहिला आठवडा हुंगाहुंगी जाळीतूनच. बारसं माहेरी होणार असेल तर उत्तम. चिंचवडला पुन्हा काही घाट घातलात तर त्या दिवशी काढ्याला ओळखीच्या, मुलं नसलेल्या घरी ठेवा. फुगे फुटणार, चाळीस माणसं, वीस वेळा बेल. त्यातून तो काही शिकणार नाही.

रोजच्या दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती असेल, सांगू? सकाळी मालिशवाल्या बाई येतात ती. बेल, अनोळखी बाई, बंद खोली, गरम पाणी आणि आतून बाळाचा टिपेचा सूर, सगळं एकदम. दाराच्या या बाजूला काढा नखांनी फरशी खरवडत असेल. तीच त्याची फिरायची वेळ करा. बाई वर, काढा खाली. यजमानांची ऑफिसची वेळ आड येत असेल तर बाईंची वेळ बदला, पण ही दोघं रोज समोरासमोर नकोत.

झोळी बांधणार असाल तर दाराच्या आतच. साडीची झोळी बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर लोंबते, हलते आणि तिच्यातून किलबिल आवाज येतात. शिकारीचं रक्त असलेल्या जनावराला यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. डिंकाच्या लाडवांत मनुका-बेदाणे घातले असतील तर डबा उंच ठेवा. मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, दोन-चार खाल्ल्या तरी डॉक्टरांना फोन करायचा. डायपरचा डबा घट्ट झाकणाचा. आतला दाणेदार पदार्थ पोटात फुगतो, आणि काढ्याच्या नाकाला ती मेजवानीच वाटेल.

पण तुम्ही ज्याला घाबरताय ते नवजात बाळ तितकं अवघड नाहीच. ते एका जागी असतं. खरी परीक्षा सातव्या-आठव्या महिन्यात, ते रांगायला लागेल तेव्हा. एव्हाना सगळे सैलावलेले असतात, दाराची कडी नुसतीच टेकवलेली असते, आणि बाळ काढ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्याच्या ताटलीकडे, चेंडूकडे, चटईकडे निघतं. लहान मुलांना कुत्रा चावतो तो बहुधा तोंडावर, आणि बहुधा ओळखीचाच कुत्रा. तेव्हापासून काढ्याचं खाणं बंद दाराआड, खाऊन झालं की ताटली उचलायची, चेंडू कपाटात, आणि दोघं एका खोलीत असताना एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघायला. फोनकडे नाही, दुधाकडे नाही. ते जमणार नसेल तर दार बंद. बेल वाजली, बाथरूमला जायचंय, काहीही असो, आधी कडी आणि मग बाकीचं.

सासूबाईंना माझ्या वतीने दोन गोष्टी सांगा. शेतावर सोडलेला शहरातला कुत्रा तिथल्या कुत्र्यांकडून फाडला जातो किंवा रस्त्यावर गाडीखाली येतो, आणि वस्तीवरही मुलं असतातच. शिवाय पाळलेलं जनावर असं उपासमारीच्या वाटेवर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की त्यांचा प्रश्न मी कायमचा बंद केलेला नाही. काढ्याने कुणाला कातडी फाटेल असा चावा घेतला, किंवा इशारा न देता अंगावर जाऊ लागला, किंवा तुमच्या घरात दाराची कडी लावण्याची शिस्त कुणालाच जमली नाही, तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधायचं. मोठ्या माणसांचं, मुलं नसलेलं, आणि भाच्याच्या हाताची हकिगत न लपवता सांगून. तसं करावं लागलं तर त्यात लाज नाही. हे डोक्यात ठेवून तुम्ही तिघांनी आत्ताच, तुम्ही घरात असताना, एकदा बसून बोला. रात्री तीन वाजता बाळ रडत असताना हा विषय काढला की भांडणंच होतात.

राहता राहिला फोटो. वाडी भरल्यावर, फुलांचा मुकुट नि धनुष्यबाण घेऊन तुम्ही पाटावर आणि बायकांची गर्दी, त्यात काढा नको. पाहुणे यायच्या तासभर आधी, यजमानांना शेजारी बसवून, पट्टा त्यांच्या हातात आणि काढा त्याच्या चटईवर, असे चार फोटो घरच्याच कुणाकडून काढून घ्या. त्याच्या गळ्यात गजरा घालू नका, त्याचं डोकं पोटावर टेकवायला लावू नका. आणि फोटोत तो जांभई देताना आला, तर तेवढं बस म्हणतोय असं समजून कॅमेरा ठेवून द्या.